ताशी अठ्ठावीस

मुंबई-गोवा महामार्गावर पेण ते नागोठणे या टप्प्यात वाहतुकीची कोंडी नेमकी का होते, हे आज महाराष्ट्रात फक्त दोन माणसांना ठाऊक आहे. एक मी, आणि दुसऱ्या गडबच्या बायजाबाई. मी त्यासाठी साडेतीन महिने अभ्यास केला, दोन वह्या भरल्या आणि तीन अर्ज लिहिले. बायजाबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मी शरद टिपणीस. पेणच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. निवृत्त माणसाने काय करावं याबद्दल आमच्या सोसायटीत न मागता सल्ले मिळतात. सकाळी चालायला जा, बागकाम करा, नातवंडं खेळवा. मला चालायचा कंटाळा, बाग म्हणजे गॅलरीतली एक तुळस, आणि नातवंडांचा अजून पत्ता नाही. तेव्हा राहता राहिला महामार्ग.

पण उगाच हौस म्हणून मी त्यात पडलो नाही. आमच्या टिपणिसांचा गणपती रोह्याला माईकाकूंकडे बसतो. माईकाकू म्हणजे माझ्या थोरल्या काकांच्या पत्नी. वय ब्याऐंशी, मुक्काम दुसरा मजला, लिफ्ट नाही. मूर्ती मात्र पेणची, आणि ती पेणहून रोह्याला न्यायचा मान आमच्या घराचा. माझ्या वडिलांनी तो त्रेचाळीस वर्षं सांभाळला, एसटीत मूर्ती मांडीवर घेऊन. त्यांच्यानंतर मी, माझ्या छोट्या गाडीतून. त्यात घराण्याचा एक नियम आहे. मूर्ती आदल्या दिवशी उचलायची नाही. चतुर्थीच्या सकाळीच कारखान्यातून निघायचं आणि दुपारी बाराच्या आत रोह्याच्या पाटावर पोचायचं. हा नियम ज्या पूर्वजाने केला त्याच्या काळी महामार्ग नव्हता, त्यामुळे तो वेळेवर पोचत असावा.

गेल्या वर्षी सकाळी साडेआठला निघालेला गणपती रोह्याला पोचला पावणेचारला. तोवर तिथल्या गुरुजींनी पाटावर सुपारी ठेवून तिची पूजा उरकली होती, चार केळी खाल्ली होती आणि यापुढे टिपणिसांची पायरी चढणार नाही असं जाहीर करून ते निघून गेले होते. विसर्जन झाल्यावर आम्ही निघताना माईकाकू म्हणाल्या, "शरद, पुढल्या वर्षी बाराच्या आत गणपती पाटावर दिसला तर ठीक. नाहीतर त्यापुढे अनय आणेल."

अनय माझा चुलत भाऊ, पनवेलला असतो. त्याच्याकडे एवढी उंच गाडी आहे की तीत चढायला पायरी आहे. "दादा, टेन्शन नका घेऊ, मी आणतो ना," असं तो हसत हसत म्हणाला. माणसाने हसावं, पण किती? वडिलांनी त्रेचाळीस वर्षं जे सांभाळलं ते माझ्या हातून जाणार, आणि तेही पायरीवाल्या गाडीत बसून जाणार, या विचाराने माझी झोप उडाली. रात्रीची लागायची, पण दुपारची पार उडाली.

"रेल्वेने न्या ना," पद्मजा म्हणाली. "पेणला बसायचं, रोह्याला उतरायचं. निडी स्टेशन गेलं की उठून दारात उभं राहायचं. संपलं."

पद्मजा माझी पत्नी. कुठल्याही अवघड प्रश्नाचं सोपं उत्तर काढून त्यातली सगळी मजा घालवायची तिची जुनी खोड आहे. मी म्हटलं, "गणपती म्हणजे काय अप-डाउन करणारा कारकून आहे? पास काढायचा का त्याचा?" ती "नका नेऊ" म्हणाली आणि कुकर लावायला गेली. ज्या प्रश्नात गणित आहे त्याचं उत्तर रेल्वे असूच शकत नाही, अशी माझी भूमिका होती.

जूनमध्ये मी गडबला मोजणी सुरू केली. तिथे रस्त्याला लागूनच पोपटची चहाची टपरी आहे, आणि टपरीशेजारी त्याची आई बायजाबाई घरच्या काकड्या, भेंडी, पडवळ मांडून बसतात. मागे त्यांचं भाताचं शेत. भात कापला की त्याच ओलीवर वाल पेरायचे, असा त्यांचा वर्षाचा हिशोब. मी रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकली. अंगात पांढरा सदरा, गळ्यात चष्म्याची दोरी, मांडीवर पॅड. गाडी आली की रेघ मारायची. रेघ मारताना गाडीकडे चष्म्यावरून रोखून बघायचं, ही शाळेतली सवय.

तिसऱ्या दिवशी मला एक थक्क करणारी गोष्ट आढळली. रस्ता चांगला मोकळा असतानाही बरोबर पोपटच्या टपरीसमोर गाड्या हळू होत आणि मागे रांग लागे. तिथे खड्डा नव्हता, वळण नव्हतं, फाटक नव्हतं. वेळही ठरलेली. सकाळी दहा ते एक आणि चार ते सहा. मधल्या वेळात कोंडी नसे. मधल्या वेळात मी डबा खाऊन टपरीतल्या बाकड्यावर जरा आडवा होत असे, पण त्याचा इथे संबंध नाही.

"मास्तर, एक बोलू का?" पोपट चहा ओतता ओतता म्हणाला. "तुमी भायेर बसलाव का गाड्या थांबतान. त्यांना वाटतं आरटीओवाला बसलाय. पट्टे काय लावतान, फोन काय लपवतान. तुमी आत आलाव का रस्ता मोकला."

"योगायोग," मी म्हटलं.

"तीन दिस योगायोग?" बायजाबाईंनी विचारलं.

"बाई, याला उत्स्फूर्त कोंडी म्हणतात. परदेशात याच्यावर मोठमोठी पुस्तकं आहेत."

"व्हय का," बायजाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. हेच ते मघाशी सांगितलेलं पाहणं.

चौथ्या दिवशी एका ट्रकने खड्डाभर पाणी माझ्या वहीवर उडवलं आणि आठशे बारा गाड्या वाहून गेल्या. मी वही झटकत होतो तेव्हा बायजाबाईंनीच मार्ग काढला. त्यांना लिहिता येत नाही, पण मोजणीत त्यांचा हात कुणी धरणार नाही. लग्नात किती पानं उठली, लावणीला किती माणसं आली, सगळं त्या वालावर मोजतात. एका पानाला एक वाल, तो गाडग्यात टाकायचा. "मी टाकते गाडीला एक वाल," त्या म्हणाल्या, "तुमी आत बसा न् चा प्या. पावसात भिजून मराल."

त्या दिवसापासून मी आत आणि गाडगं बाहेर. आणि आश्चर्य असं की त्याच दिवसापासून गडबची कोंडी थांबली. पावसामुळे गाड्या कमी झाल्या असाव्यात, अशी मी वहीत नोंद केली.

मोजणी झाली, आता मॉडेल. आमच्या हॉलमध्ये मी खडूने महामार्ग आखला. एक फरशी म्हणजे दोन किलोमीटर. चपलांच्या कपाटापाशी पेण, सोफ्याच्या पायापाशी गडब, टीव्हीखाली नागोठणे. गाड्या म्हणजे बायजाबाईंकडून आणलेले वाल. नियम सोपा. पुढे जागा असेल तर वाल पुढे सरकवायचा, नसेल तर थांबायचं. शेजारचे गुप्ते एसटीत कंट्रोलर होते. ते रोज संध्याकाळी वाल सरकवायला येऊ लागले. नोकरीत गाडी कधी सुटणार हे त्यांच्या हातात कधीच नव्हतं, ते सुख त्यांना आता मिळत होतं. "टिपणीस, रोहा जलद सोडू का?" असं ते चपलांच्या कपाटापाशी ओणवे होऊन विचारत. पाचव्या दिवशी त्यांनी घरून शिट्टी आणली.

कोंडीचं रहस्य मला तिथेच उलगडलं. एका वालाने जराशी कुचराई केली, की त्याच्या मागचा जरा जास्त थांबतो, त्याच्या मागचा आणखी जास्त, आणि तिसाव्या वालापर्यंत सगळं ठप्प. ज्याने पहिला ब्रेक मारला तो मात्र टीव्हीखाली पोचून चहा पीत असतो. कोंडी अशी लाटेसारखी मागे मागे सरकत जाते. यावर उपाय एकच. एका गाडीने ठरवायचं की काही झालं तरी ब्रेक मारायचा नाही. पुढे भरपूर अंतर ठेवून एकाच वेगाने जायचं. मग लाट तिच्यापाशी येऊन विरते. हा वेग मी सलग नऊ संध्याकाळ वाल सरकवून काढला. ताशी अठ्ठावीस किलोमीटर.

"पण मागचे ओव्हरटेक करतील त्याचं काय?" गुप्त्यांनी शंका काढली.

"वाल ओव्हरटेक करत नाहीत."

"वाल नाही हो, पण ड्रायव्हर..."

"गुप्ते, आपण सध्या वालांबद्दल बोलतोय," मी म्हटलं. शास्त्रीय चर्चेत विषय सोडून बोललेलं मला खपत नाही.

एवढ्यात पद्मजा केरसुणी घेऊन आली आणि तिने वडखळपासून नागोठण्यापर्यंतची सगळी वाहतूक एका फटकाऱ्यात सोफ्याखाली लोटली. "बघा, झाला रस्ता मोकळा," ती म्हणाली. "आणि आता यातला एक जरी वाल माझ्या पायाखाली आला तर सगळ्यांचं बिरडं करीन, आणि सोलायला तुम्हाला बसवीन." गुप्ते शिट्टी खिशात घालून घरी गेले.

असा शोध स्वतःपुरता ठेवणं मला प्रशस्त वाटेना, म्हणून मी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. कुठल्या ते सांगत नाही. कोंडी आपल्या अखत्यारीत येते की नाही, हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. टेबलामागे माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली, नम्रता. तिला मी सहामाहीत दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. ती ते विसरली असावी असं मला आधी वाटलं.

"सर, बसा ना. कुठे आहे कोंडी तुमची?"

"गडबला सुरू होते आणि मागे पेणकडे सरकत जाते."

नम्रताचं पेन थांबलं. "सरकते? मग हद्द कुठली लिहू?"

"आधी गडब. अर्ध्या तासाने वडखळ."

"असं नाही चालत सर. कोंडीला एक जागा पाहिजे. सरकणारी असेल तर प्रत्येक हद्दीचा वेगळा अर्ज लागेल, आणि कोंडी त्या हद्दीत आहे तोवरच तो द्यावा लागेल."

मी तिच्यासमोर डब्यातले वाल मांडून मॉडेल समजावून सांगायला लागलो. तिने ते शांतपणे पाहिलं आणि वाल जोडपत्र म्हणून घेता येणार नाहीत असं सांगितलं, कारण जोडपत्राला पंचिंगचं भोक पाडावं लागतं. मी तीन हद्दींचे तीन अर्ज दिले. पाच आठवड्यांनी तिघांचं मिळून एक उत्तर आलं. 'आपण मागणी केलेला गतिरोधक सदर ठिकाणी बसवता येत नाही.'

तेव्हा मी ठरवलं की प्रयोग आपणच करायचा, आणि चतुर्थीलाच करायचा. गणपतीही वेळेत पोचेल, महामार्गही सुटेल, आणि अनयची पायरी जिथल्या तिथे राहील. रोह्याच्या गुरुजींनी पाठ फिरवली होती म्हणून पेणचा प्रविण ठरवला. प्रविण गणितात तीन वेळा गटांगळी खाऊन पौरोहित्यात स्थिरावलेला माझा विद्यार्थी. त्याला त्या सकाळी पेणमध्येच दोन पूजा होत्या.

"सर, मी मागाहून रेल्वेने येऊ का?" त्याने विचारलं. "रस्त्याचा भरवसा नाही."

"प्रविण, तुझ्या पुढे मी असणार आहे. मी रस्ता मोकळा करत जाणार. तू दहाला गाडी काढ, अकरा पंचवीसला रोह्यात असशील. माझ्याकडे मॉडेल आहे."

"बरं सर," प्रविण म्हणाला. शाळेतही तो असंच म्हणायचा.

चतुर्थीला सव्वानऊला आम्ही आमच्या मूर्तिकाराच्या, नितेशच्या कारखान्यातून मूर्ती उचलली. दीड फुटाची, शाडूची, तोंडावर केशरी रुमाल. मूर्ती मांडीवर घेऊन पद्मजा मागच्या सीटवर बसली. मागच्या काचेला मी ठळक अक्षरांत लिहिलेला पुठ्ठा चिकटवला. 'प्रयोग चालू आहे. कृपया मागेच राहा. वेग २८.'

"ते काढा आधी," पद्मजा म्हणाली. "लोक हसतील."

"आज हसतील, उद्या अर्ज करतील," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.

वडखळ मागे पडलं आणि मी काटा अठ्ठावीसवर आणून ठेवला. पुढची गाडी बघता बघता दिसेनाशी झाली आणि माझ्यासमोर महामार्ग असा मोकळा पसरला की वडिलांनाही तो तसा कधी दिसला नसेल. मागे सुरुवातीला हॉर्न वाजले. दोघंतिघं बाजूने पुढे काढायला आले, पण पद्मजाच्या मांडीवरचा केशरी रुमाल पाहिल्याबरोबर त्यांनी हात जोडले आणि परत मागे गेले. आपल्याकडचा माणूस सिग्नल तोडेल, उलट्या बाजूने घुसेल, पण चतुर्थीच्या सकाळी देवाच्या पुढे गाडी काढायचं त्याच्या जिवावर येतं. हळूहळू हॉर्न बंद झाले. माझ्या अगदी मागे एका मंडळाचा टेम्पो होता, त्यातल्या पोरांनी ढोल बांधले आणि "मोरया"चा गजर सुरू केला.

"पद्मजा, लोकांना पटतंय," मी म्हटलं. एकतीस वर्षं नोकरी केली, पण माझ्या मागे मुलं कधी अशी एका ओळीत चालली नव्हती.

"त्यांना मिरवणूक वाटतेय ती," पद्मजा म्हणाली. "जरा बाजूला घ्या, जाऊ दे त्यांना."

बाजूला घ्यायचं म्हणजे ब्रेक आला. मी ऐकलं नाही.

गडबला पोपटची टपरी दिसली. ढोल ऐकून बायजाबाई आणि पोपटची बायको अनिता आरतीचं ताट घेऊन रस्त्याच्या कडेला आल्या होत्या. मास्तर गणपती घेऊन वाजतगाजत निघालेत, तर ओवाळल्याशिवाय कसं सोडायचं? बायजाबाईंनी हात वर केला. मी खिडकीतून ओरडलो, "थांबता येणार नाही! लाट तयार होईल!"

"कसली लाट?" बायजाबाई ओरडल्या. "अवो मास्तर, देवाला कुंकू तरी लावू द्या!"

मी अठ्ठावीसनेच पुढे गेलो. मागून एवढंच ऐकू आलं, "आगो अनिता, मास्तरला येड लागला गो!"

थोड्या वेळाने आरशात पाहिलं तर मागे एकही गाडी नव्हती. टेम्पो नव्हता, ढोल नव्हते, सगळा रस्ता स्वच्छ. मी पद्मजाला आरसा दाखवला. साडेतीन महिन्यांचं गणित डोळ्यांसमोर खरं झालं होतं. कोंडी मुळातूनच नाहीशी झाली होती. पद्मजाने वळून मागे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मूर्तीवरचा रुमाल नीट केला.

नागोठण्याहून भिसे खिंडीतून आम्ही अकराला पाच कमी असताना रोह्यात पोचलो. दोन मजले मूर्ती मी स्वतः चढवली. माईकाकू दारात तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगदी भाऊजींसारखा आलास," त्या म्हणाल्या. भाऊजी म्हणजे माझे वडील. मूर्ती हातात आहे हे विसरून मी नमस्काराला वाकलो. पद्मजाने खालून पाटाला हात लावला म्हणून बरं. सव्वाअकराला गणपती मखरात बसला. अनय अजून आला नव्हता. पायरीवाली गाडी कुठे अडकली असेल याची मी मोठ्या काळजीने चौकशी करत होतो.

अकरा पंचवीसला प्रविण आला नाही. मॉडेलमध्ये पाच मिनिटं इकडेतिकडे धरलेली होती. पावणेबाराला त्याचा फोन आला. मी सगळ्यांना ऐकू यावा म्हणून स्पीकरवर ठेवला, ही त्या दिवसातली माझी शेवटची चूक.

"सर, मी गडबला अडकलोय. अर्ध्या तासात इंचभर हललो नाही."

"शक्य नाही. तिथली कोंडी मी सकाळीच मोडली."

"अहो कसली मोडली! सकाळी कोणीतरी म्हातारा पांढऱ्या गाडीत गणपती घेऊन बैलगाडीच्या चालीने गेला म्हणे. काचेला पाटी लावून. कुणाला पुढेच जाऊ देईना. लोकांना वाटलं मिरवणूक. इथल्या आजी ओवाळायला आल्या तर हा बाबा थांबला नाही, मग त्यांनी मागचा टेम्पो ओवाळला. टेम्पो थांबला, पोरं उतरून नाचायला लागली, समोरून एसटी आली, दोन्हीकडून गाड्या घुसल्या. आता वडखळच्या मागेपर्यंत रांग आहे. एकदा सापडला पाहिजे तो मला, सर!"

माईकाकू उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि त्यांनी खाली वाकून पाहिलं. खाली माझी पांढरी गाडी उभी होती, मागच्या काचेवरच्या पुठ्ठ्यासकट. तो मी फार ठळक अक्षरांत लिहिला होता.

"प्रविण," माईकाकू फोनजवळ येऊन म्हणाल्या, "तो सापडलाय. त्याचं नंतर बघू. बाराला दहा कमी आहेत, तू तिथूनच पूजा सांग."

फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला आणि मी सोवळं नेसून पाटावर बसलो. पलीकडून प्रविण म्हणाला, "सर, एक मिनिट. इथे माझ्या आजूबाजूला बरेच जण आहेत, त्यांचेही गणपती गाडीतच राहिलेत. सगळ्यांचं एकदमच सांगतो." मग गाड्यांचे दरवाजे उघडल्याचे आवाज आले, बाकडी सरकवल्याचे आवाज आले, आणि त्या सगळ्यांवरून बायजाबाईंचा आवाज. "गो अनिता, अजून एक पाट आन गो, अजून एक गणपती हाय! पोपट, चा बंद कर रं, पाय धू!"

दुर्वा अनयकडे होत्या आणि अनय वडखळला होता. पद्मजाने खाली जाऊन कंपाउंडच्या कडेच्या चार दुर्वा आणल्या. त्या देवाच्या छातीला लावून मी हात ठेवला आणि मंत्र सुरू झाले. मंत्रात मध्ये मध्ये हॉर्न होते, एका बाळाचं रडणं होतं आणि "मोरया" होता. मला वडील आठवले. त्यांच्या वेळी एसटी बंद पडली तर ते मूर्ती डोक्यावर घेऊन चालायला लागायचे, मॉडेलबिडेल काही करायचे नाहीत. त्यांचा मान टिकवायला निघालो आणि मी काय करून बसलो, या विचाराने माझे डोळे भरून आले. माझा आवाज येईना म्हणून प्रविणला वाटलं रेंज गेली. "सर, आहात ना? म्हणा माझ्या मागून," तो म्हणाला. मी त्याच्या मागून म्हटलं. बाराला दोन मिनिटं कमी असताना प्राणप्रतिष्ठा झाली.

आरतीनंतर माईकाकूंनी मला समोर बसवलं. "बाराच्या आत गणपती पाटावर होता. मी शब्दाची पक्की आहे. मान तुझाच." मी वाकून नमस्कार करायला गेलो तर त्यांनी खांद्याला धरून थांबवलं. "पण पुढल्या वर्षी आगगाडीने यायचं. गुरुजींना शेजारी बसवून. आणि मूर्ती पद्मजाच्या मांडीवर."

"पास काढू का त्याचा?" पद्मजाने मला विचारलं.

साडेतीनला अनय आला. सुकलेल्या दुर्वा, घामाने चिंब, चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. "दादा, तुम्ही वेळेत कसे काय पोचलात?" त्याने मनापासून विचारलं. माईकाकू म्हणाल्या, "त्याच्याकडे मॉडेल आहे."

विसर्जन करून आम्ही पेणला परतलो तर नम्रताच्या कार्यालयाचं पत्र येऊन पडलं होतं. 'श्रीगणेश चतुर्थीच्या दिवशी गडब येथे एका अज्ञात वाहनाच्या अत्यंत संथ गतीमुळे अभूतपूर्व कोंडी झाल्याच्या तक्रारी प्राप्त आहेत. आपण या विषयातील स्थानिक तज्ज्ञ असल्याने, सदर कोंडीची कारणे शोधून सोबतच्या प्रपत्रात अहवाल सादर करावा.' तीन अर्जांत जे मिळालं नाही ते मला गैरवर्तनाने मिळालं. मी तज्ज्ञ झालो होतो. प्रपत्रात 'कारण' या रकान्याला फक्त दीड ओळ जागा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोपट दारात. हातात फडक्याची पुरचुंडी. "आयेनी दिलान," तो म्हणाला. "त्या दिवशी गाड्या अडकल्या त्या सगल्या ती मोजत चालत गेली वडखलपावत. बोलली, मास्तरच्या वहीत लागतील." पुरचुंडीत वाल होते. चहा घेताना त्याने आणखी एक निरोप सांगितला. पुढल्या वर्षी गाडीने आलात तर कुंकवाला थांबा, आई रागावलेली नाय.

वाल मी मोजले. एक हजार एकशे त्रेचाळीस.

पद्मजाने ते भिजत घातले, मोड आणले आणि आज सकाळी परात माझ्यासमोर ठेवली. ज्यांनी मोडाचे वाल सोललेत त्यांना सांगायला नको, यात घाई चालत नाही. एकेक वाल चिमटीत धरायचा, साल सोडवायची, मग दुसरा. एक सोलला आणि वाटलं, हा प्रविणचा असेल. एक अनयचा. एकात ते रडणारं बाळ असेल. निम्म्या गाड्यांत जरी गणपती धरला, तरी पाच-सहाशे घरांत त्या दिवशी बारा वाजता पाट रिकामा होता. माझा एक भरावा म्हणून. नऊ संध्याकाळ हेच वाल मी खडूच्या रेघेवर सरकवत होतो, तेव्हा त्यांच्यात कुणी बसलेलं आहे असं एकदाही मनात आलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

गुप्ते दारातून डोकावले, परात पाहिली आणि न विचारता येऊन समोर बसले. दोघंही सोलायला लागलो. शेजारी प्रपत्र पडलं होतं, 'कारण' कोरं. तासाभराने स्वयंपाकघरातून पद्मजाने विचारलं, "कुठवर आलात?"

मी परातीत पाहिलं. "गडबलाच आहे अजून," मी म्हटलं.